पार्वतीबाईंची मोरी मी छापली

मी घरे छापणारा एक जुना प्रिंटर आहे. जुना म्हणजे चार-पाच वर्षांचा. पण मित्रांनो, आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येते. नवे मॉडेल आले की आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तुमच्या शाळेतला प्रिंटर कागदावर शाई सोडतो, मी जमिनीवर काँक्रीट सोडतो. लोखंडी चौकटीवरून माझे नाक इकडून तिकडे फिरते, थरावर थर बसतो आणि भिंत उभी राहते.

माझी जोडणी पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाली. तिथे माझे फार लाड झाले. विटा नकोत, फळ्या नकोत, सिमेंट कमी आणि कोळशाची राख जास्त, राडारोडा जवळजवळ नाहीच. उद्याची सगळी घरे अशीच होणार, असे माझ्याबद्दल वर्तमानपत्रात छापून आले आणि मलाही ते खरे वाटले. विटांनी भरलेला ट्रक दिसला की मला त्या विटांची कीव यायची.

मग मला ट्रेलरवर घालून भिवंडीजवळ शेलारला आणले. पहिल्याच दिवशी कोणीतरी हौसेने माझ्या नाकावर नारळ फोडला. पाणी आत गेले आणि माझे नाक चोंदले ते चोंदलेच. ते साफ होईपर्यंत सगळे हात चोळत बसले.

जागा प्रितेशची होती. त्याने बापजाद्यांच्या शेतात गोदामे बांधून भाड्याने दिली होती आणि स्वतः गावात मोठ्या फ्लॅटमध्ये राहत होता. त्याची आई पार्वतीबाई मात्र गोदामाच्या मागे जुन्या दोन खोल्यांत एकट्या राहत. त्या खोल्यांत अंघोळीला जागा नव्हती. मागच्या अंगणात एक पत्रा आडवा उभा केलेला होता, त्याच्या आडोशाला त्या अंघोळ करत. सारा जन्म तसाच गेला. पण गोदामे झाल्यापासून तिथे ट्रक उभे राहू लागले, आणि ट्रकची केबिन पत्र्यापेक्षा उंच असते.

आमच्या कंपनीला एक नमुना घर छापून दाखवायचे होते. प्रितेशला पुढे कामगारांच्या खोल्यांचे कंत्राट हवे होते, म्हणून त्याने आईची जागा पुढे केली. ठाण्याहून आल्हाद नावाचा तरुण आर्किटेक्ट आला आणि त्याने पार्वतीबाईंच्या तोंडासमोर मोबाइल धरला.

"आजी, नव्या घरात काय काय हवं ते यात बोला. हा ऐकतो आणि नकाशा स्वतःच काढतो."

"मना काय नको," पार्वतीबाई म्हणाल्या. "यक मोरी पायजे. घराच्या आतमंदी. मोठी कर, पानी तुंबाला नको."

मोरी कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही. परक्या पुरुषासमोर अंघोळीचे नाव कसे काढायचे? आणि मोरी कशासाठी असते, हे काय सांगायला हवे?

मोबाइलने ऐकले. पण त्याचे मराठी रस्तेबांधणीच्या सरकारी कागदांवर पोसलेले. त्या कागदांत मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारा नळा, ज्यात शेरडूसुद्धा शिरते. नकाशा तयार झाला. आल्हादने यादीवर नजर फिरवली. मोरी आहे, हे पाहून त्याने बटण दाबले. तोवर जुन्या खोल्या पाडून झाल्या होत्या आणि अंगणातला पत्राही भंगारात गेला होता.

मी छापू लागलो. मला तोंडी कोणी काही सांगत नाही, मित्रांनो, मला फक्त फाइल मिळते. पुढच्या भिंतीत जमिनीलगत एक मोठे गोल भोक, मागच्या भिंतीत तसेच, आणि दोन्हींना जोडणारा, खोलीला मधोमध चिरत जाणारा पन्हळ. इतके सुबक भोक मी आजवर छापले नव्हते. मला फार मजा आली.

पार्वतीबाई दारात उभ्या राहिल्या. तेवढ्यात शेजारची शेळी एका भोकातून आत आली आणि दुसऱ्यातून निघून गेली.

"ही मोरी?" त्यांनी विचारले.

आल्हादचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "आजी, ही हवा खेळायला आहे. पंखासुद्धा लागणार नाही."

"मंग चार इटा लावून बुजव."

"वीट? अहो, एकही वीट नाही म्हणून तर या घराला सर्टिफिकेट मिळणार आहे! एक लावली तरी गेलं."

"आये, लोकं बघाला येनार हायत," प्रितेश म्हणाला. "उगाच नाटकं नको करू."

घराला बक्षीस मिळाले. पावसाळ्यात गोदामाच्या भरावावरचे पाणी एका भोकातून येऊन दुसऱ्यातून जाई, त्याचेही कौतुक झाले. पार्वतीबाईंनी दोन्ही भोकांना गोणपाट लावले आणि त्या पन्हळात बसून अंघोळ करू लागल्या. घरात दुसरी जागा होतीच कुठे?

मग तुमची सहल आली. आठवते ना, मित्रांनो? आल्हाद तुम्हाला माहिती सांगत होता. बाहेरचे गोणपाट प्रितेशला बरे दिसेना. आत कोण आहे हे न विचारता त्याने दोन्हीकडचे ओढून काढले आणि तुम्ही वाकून आरपार बघितले. आत पार्वतीबाई ओल्या लुगड्यानिशी तांब्या हातात घेऊन बसल्या होत्या. दोन हातांनी काय काय झाकणार? त्यांनी तोंड झाकले.

तुम्ही हसलात. एकजण "आजी पाइपात!" असे ओरडला, तेव्हा आणखी हसलात. आल्हाद गडबडून म्हणाला, "बघा मुलांनो, किती मोकळी हवा!" आणि तुमच्या नीरजाबाईंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या. त्याही तुम्ही वाजवल्यात.

मी घराच्या मागे, जुन्या अंगणात उभा आहे. काम संपल्यावर माझ्यावर ताडपत्री टाकली, ती अजून तशीच आहे. तुमच्या सहलीनंतर पार्वतीबाई भर दुपारी, ड्रायव्हर जेवायला गेले की, बादली घेऊन इथे येतात आणि ताडपत्रीखाली शिरतात. माझ्या नाकाशी एक कॅमेरा आहे. वीज तोडल्यापासून तो आंधळा आहे, पण हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. त्या आधी माझे नाक हाताने पलीकडे वळवतात.

"तिकडं बघ रं बाबा," म्हणतात, आणि मग अंगावर पाणी घेतात.

पुढच्या आठवड्यात मला पडघ्याला नेणार आहेत. तिथे अशाच घरांची रांग छापायची आहे, याच फाइलवरून. कोणाला थांबवायची ताकद माझ्यात नाही आणि खोटे कशाला बोलू, फार इच्छाही नाही. छापणे मला आवडते. पण मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या असे तुम्हाला शिकवतात, म्हणून एवढे मागतो. मला नेताना ही ताडपत्री इथेच बांधून ठेवा. मला उघडे नेले तरी चालेल.