शांत माशांच्या पाटीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, आणि या अख्ख्या रस्त्यावर माझ्याइतकी खरं बोलणारी पाटी दुसरी नाही. समोरच्या चपलांच्या दुकानावर ‘शेवटचे तीन दिवस’ असं लिहिलंय. ते तीन दिवस माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहेत. शेजारचा घड्याळजी ‘पाच मिनिटांत येतो’ अशी पाटी अडकवतो आणि जेवून, झोपून, दाढी करून येतो. मी तसली नाही. माझ्यावरचा शब्द न् शब्द खरा आहे.

बरं, बरं. ती एंजल माशाची भानगड तुमच्या कानावर आलेली दिसतेय. ठीक आहे. शब्द न् शब्द खरा आहे, फक्त नऊ दिवस सोडून. पण त्या नऊ दिवसांचं खापर माझ्या डोक्यावर फोडलंत तर मी ऐकून घेणार नाही. मी साधी पाटी असेन, पण मुकाट्यानं मार खाणारी नाही.

माझा जन्म आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून झाला. रंगीत माशांचं दुकान आहे ना, तिथल्या काकूंनी ते झाकण कात्रीनं चौकोनी कापलं, कडा काचपेपरनं घासल्या आणि काळ्या मार्करनं तीन ओळी लिहिल्या. ‘शांत मासे. सगळ्यांशी जमवून घेतात. सहापेक्षा कमी घेऊ नयेत.’ मग पाठीला चिकटपट्टी लावून मला चेरी बार्बच्या टाकीवर दाबून बसवलं.

चेरी बार्ब म्हणजे बोटाच्या दीड पेराएवढा लालसर मासा. ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. पानांच्या आडून फिरायचं, खाली पडलेलं टिपायचं आणि शेजाऱ्याला वाट द्यायची. त्यांच्यावर ‘शांत’ लिहायला धाडस लागत नव्हतं. लोक यायचे, मला वाचायचे, सहा-सात मासे घेऊन जायचे. महिन्याभरानं परत येऊन सांगायचे, “काकू, तुमची पाटी म्हणजे पाटी!” काकू फक्त म्हणायच्या, “माझं अक्षर आहे ते. खोटं कसं असेल?” तेव्हा मी काचेवर अशी ताठ व्हायचे की एक कोपरा सुटायचा.

आता काकांकडे वळू. काका म्हणजे काकूंचे यजमान आणि दुकानाचे मालक. माणूस वाईट नाही. पण त्यांना माशांपेक्षा बोलण्याचा नाद जास्त. एकदा घाऊकवाल्यानं त्यांना बोलण्यात गुंगवून साठ टायगर बार्ब गळ्यात मारले. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, दिसायला झकास. पण स्वभाव? वर्गातल्या शेवटच्या बाकावरची टोळी. ते साठ वाघ काही खपेनात. आणि मी जिथं असेन ती टाकी मात्र रिकामी होतेय, हे काकांच्या लक्षात आलं.

त्यांनी मला उचकटलं आणि वाघांवर चिकटवलं.

मित्रांनो, पाटीला तोंड नसतं. ओरडता येत नाही. पाटीला फक्त पडता येतं. मी पडले. काका म्हणाले, “हवा दमट आहे.” पुन्हा चिकटवलं, पुन्हा पडले. एकदा बादलीत पडले, एकदा माशांच्या खाण्याच्या डब्यात. एकदा उडून गोगलगाईंच्या टाकीवर जाऊन बसले. तिथं मी दोन दिवस राहिले, कारण गोगलगाईंबद्दल माझं काही खोटं नव्हतं. एकदा स्टुलावर पडले आणि काका माझ्यावर बसले. मग ते माझ्यासकट बँकेत गेले, पोस्टात गेले, ओळखीच्या तिघांशी भांडले आणि घरी आले. ‘शांत मासे. सगळ्यांशी जमवून घेतात.’ सगळं गाव त्यांच्या पाठीमागून वाचत होतं.

काकूंनी मला पँटवरून सोडवलं. “अहो, ही तुमच्यावर शोभत नाही,” म्हणाल्या आणि परत चेरी बार्बवर लावलं. काकांनी सूड म्हणून काय केलं माहितेय? त्या वळल्यावर कात्री घेतली आणि माझी तिसरी ओळ कापून टाकली. “सहा-सहा म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं,” असं स्वतःशीच पुटपुटले. माझा एक तृतीयांश भाग कचऱ्यात गेला. तेव्हा मला दुखलं नाही. दुखलं ते नंतर.

काकूंच्या ते लक्षात यायच्या आतच त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि काकू घाईघाईनं नऊ दिवस तिच्याकडे गेल्या. जाताना दारातूनच माझ्याकडे बोट दाखवून काकांना बजावलं, “पाटीला हात लावायचा नाही. लोक माझ्या शब्दावर मासे नेतात. तो एकदा जरी खोटा ठरला ना, तर मी दुकानात पाऊल ठेवणार नाही. मग बसा एकटेच वाघांशी बोलत.”

“काळजीच करू नकोस गं,” काका म्हणाले. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी धीर धरला, एवढं मी मान्य करते.

दुसऱ्याच दिवशी सल्लेवाल्या बाई आल्या. बाईंचा धंदा म्हणजे भांडणाऱ्या नवरा-बायकोला समोरासमोर बसवून सल्ला देणं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मोठी टाकी होती आणि तीत एंजल माशांची एक जोडी, नाना आणि नानी. लांब झालरीसारखे पर, चाल अशी की लग्नाच्या फोटोला निघालेत. बाई येणाऱ्यांना सांगायच्या, “बघा, सहा वर्षांचा संसार, एकदाही आवाज चढवला नाही.” मासा आवाज कसा चढवणार, हे कुणी विचारलं नाही.

“टाकी रिकामी रिकामी वाटते,” बाई म्हणाल्या. “कुणीतरी शांत हवंय. माझ्याकडे येणाऱ्यांच्या डोक्यात आधीच वादळ असतं.”

“अगदी बरोबर ठिकाणी आलात!” काकांनी माझ्यावर टिचकी मारली. मी तेव्हा वाघांवर होते. “वाचा. लेखी आहे.”

“छान. एक जोडी द्या.”

“जोडी? घ्या की!”

तिसरी ओळ असती तर तिनं तिथंच आडवा पाय घातला असता. पण ती कचऱ्यात होती. मी पडायचा प्रयत्न केला. काकांनी या वेळी चिकटपट्टीचे चार पदर लावले होते.

“आणि ही पाटीपण द्या,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे येणाऱ्यांनी वाचायलाच हवी.”

अशी मी वाघांच्या पिशवीबरोबर सल्ल्याच्या खोलीत गेले.

पहिल्या दिवशी मोठा वाघ धाकट्याच्या मागे लागला. सकाळी नऊला लागला तो दिवे मालवेपर्यंत. दुसऱ्या दिवशी धाकटा दगडाखाली लपला. आता मोठ्याला उद्योग नाही. मग त्याला नानांची झालर दिसली. एक लचका. नाना वळले, तोवर मागून दुसरा. बाईंनी दिवा मंद केला आणि म्हणाल्या, “त्यांना थोडा वेळ देऊ या.” वाघानं वेळ घेतला आणि झालरही घेतली.

पाचव्या दिवशी एक नवरा-बायको आले. त्यांचं जवळजवळ मिटलेलं होतं, शेवटची भेट होती. बाई आत फोनवर बोलत होत्या. दोघं माझ्यासमोर बसले.

“बघ, किती शांत आहेत,” नवरा म्हणाला.

“कुठे शांत? तो पिवळा त्या बिचाऱ्याला कुरतडतोय.”

“त्या लांबुळक्यानंच आधी काहीतरी केलं असणार.”

“वाटलंच मला! तू चावणाऱ्याचीच बाजू घेणार. तुझ्या आईच्या वेळीही हेच.”

“आईचा इथं काय संबंध? आई काय टाकीत आहे?”

“असती तर त्याला कुणी कुरतडायला उरलंच नसतं!”

नवरा उठला. त्यानं भांडण सोडवायचं ठरवलं, म्हणजे माशांचं. बाही वर न करता हात टाकीत घातला. वाघ निसटला, नाना घाबरून पाइपवर आपटले आणि ओल्या बोटावरून लग्नाची अंगठी घसरून तळाच्या खड्यांत गेली.

“काढलीस!” बायको म्हणाली. “शेवटी काढलीसच!”

बाई बाहेर आल्या तेव्हा नवरा खांद्यापर्यंत पाण्यात होता, बायको दाराबाहेर होती, आणि या सगळ्याच्या वर, चार पदरांनी घट्ट चिकटलेली, मी होते. लाजेनं मेले असते, पण प्लॅस्टिकला तीही सोय नाही.

नवव्या दिवशी नानांच्या झालरींचे नुसते खुंट उरले. ते पाइपामागे डोकं खाली करून उभे राहायचे, खायला वर येत नव्हते. नानी त्यांच्यापुढे आडवी थांबायची. आज-उद्याचे सोबती, असं बाईसुद्धा हळूच म्हणाल्या.

त्याच दुपारी दार धाडकन उघडलं. काकू! एका हातात जाळी, दुसऱ्या हातात पिशवी. मागून काका बादली घेऊन. परत आल्या आल्या मी जागेवर नाही हे बघून काकूंनी त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलेलं दिसत होतं.

काकूंनी आधी टाकीत पाहिलं, मग माझ्याकडे. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. “ही कुणी कापली?”

काका बादलीत बघायला लागले.

“त्यांना काही बोलू नका,” सल्लेवाल्या बाई म्हणाल्या. “जोडी मीच मागितली. माझ्या खोलीत सगळं जोडीनं असतं. खुर्च्या, कप, उशा.”

“खुर्च्या एकमेकींना चावत नाहीत, बाई. हे वाघ दहा-बारा असले की आपापसांतच पळापळी करतात, त्यातच त्यांचा दिवस जातो. दोघंच ठेवले की एक गुंड होतो, एक लपतो, आणि मग ज्याची झालर लांब त्याची शंभरी भरली. झालरवाल्यांजवळ तर ते दहा असले तरी नकोत.”

“म्हणजे दोघांनाही आणखी माणसं लागतात?” बाईंनी वही काढली.

“मासे लागतात. माणसांचं तुम्ही बघा.”

“पण पाटीवर लिहिलं होतं गं...” काकांनी बादलीतूनच सुरुवात केली.

“पाटीवर मी लिहिलं होतं. लावली कुणी?”

मित्रांनो, त्या क्षणी मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. काकूंनी दोन्ही वाघ जाळीत घेतले आणि काकांच्या बादलीत टाकले. निम्मं पाणी बदललं. पिशवीतले आठ चेरी बार्ब सोडले. ते आले, पानांच्या आड गेले आणि कुणाच्याही वाटेला गेले नाहीत. “पाणी स्वच्छ ठेवा, झालर परत फुटते,” काकूंनी बाईंना सांगितलं. महिन्यानं खरंच फुटली, धाग्यासारखी, काचेसारखी आरपार दिसणारी. नाना वर येऊन खायला लागले, हे सांगायला बाई स्वतः दुकानात आल्या. त्या दिवशी काकू पहिल्यांदा पूर्वीसारख्या हसल्या.

मला मात्र त्यांनी वाघांना नेलं त्याच दिवशी परत आणलं होतं. माझ्या पाठीवर तिन्ही ओळी नव्यानं लिहिल्या, चारही कोपऱ्यांना भोकं पाडली आणि चेरी बार्बच्या टाकीच्या चौकटीला मला तारेनं आवळून टाकलं. “आता हलव म्हणावं,” काकू पक्कड ठेवत म्हणाल्या.

तेव्हा ऐका. पाटी जरूर वाचा, पण पाटीच्या मागची काचही बघा. दहा मिनिटं उभे राहा. कोण कुणाच्या मागे लागतंय, कोण लपतंय, ते डोळ्यांनी पाहा. आपल्या घरी लांब झालरवाला कुणी आहे का, ते आठवा. आणि कुणी मासा कळपातला आहे म्हणून सांगितलं तर हट्टानं जोडी मागू नका. पाट्यांनाही जपा. कापू नका, भलतीकडे चिकटवू नका. मी आता हलणार नाही, कुणाच्या बापाला घाबरणार नाही, आणि माझ्यावरचं अक्षर कुणाला खोटं ठरवू देणार नाही.

काल दुपारी काकू दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. काकांनी मला हातही लावला नाही. मासे बदलले.