विष्णूकाकांचा डेमो

विष्णू आपट्यांचा अर्ज टेबलावर आला, तेव्हा उत्तराला आधी हसू आलं आणि मग तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सात वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात याच माणसाने तिच्या हातच्या पुरणपोळ्या चेपल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कंपनीतल्या साहेबाला सांगितलं होतं, "यवतमाळच्या कुठल्याशा कॉलेजची पोरगी आहे, हिला घेऊ नका." हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. उत्तरा या डोंगरातल्या कम्युनिटी कॉलेजात येऊन पडली, बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातल्या माणसांना अपूर्णांक शिकवत. आता २००८ साली काकांचीच कंपनी बुडाली होती, आणि गणिताचा शिक्षक निवडायच्या कमिटीत उत्तरा होती. देव आहे म्हणायचा!

इथली रीत अशी, की उमेदवाराने खऱ्या वर्गावर वीस मिनिटं शिकवायचं आणि वर्गाने त्याला गुण द्यायचे. उत्तराने आपला वर्ग आनंदाने देऊ केला.

आदल्या दिवशी काकांचा फोन आला. "उत्तरा, जुनं काही मनात ठेवू नकोस गं. आमच्या मुलाचं, राजसचं, कॉलेज यंदाच सुरू होतंय. स्टुडंट्स कसे आहेत, एवढं सांग."

"काका, इथे स्टँडर्ड बघतात," ती गोड आवाजात म्हणाली. "कुणी फारच बेसिक विचारलं, तर सरळ झापा. कमिटी इम्प्रेस होते."

झापतो तोच खरा मास्तर, हे काकांच्या हाडीमासी खिळलेलं. त्यांना यात खोट दिसणार कुठून?

वर्गात डार्लीनने हात वर केला. बावन्न वर्षांची बाई, तीस वर्षं खुर्च्यांना पॉलिश करून घरी बसवलेली. दोन महिन्यांत तिने पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तोंड उघडलं. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?

"आमच्याकडे सहावीतली पोरं सांगतात हे," काका हसले. "या वयात एवढंही येत नसेल, तर बाई, गणित तुमच्यासाठी नाही."

डार्लीनने वही मिटली. मागे बसलेल्या उत्तराला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. काकांना कुणीच धड गुण दिले नाहीत. नकाराचं पत्र तिने स्वतः टाइप केलं आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

सोमवारी डार्लीन वर्गात आली नाही. दुपारी ती उत्तराच्या ऑफिसात आली, ती कोर्स सोडायचा फॉर्म घेऊनच. कारणाच्या रकान्यात गोल, जपून काढलेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'गणित माझ्यासाठी नाही.'

"अगं, तो माणूस मूर्ख होता!" उत्तरा घाईघाईने म्हणाली. "म्हणून तर आम्ही त्याला घेतलं नाही."

"मी मागे वळून तुमच्याकडे बघितलं होतं," डार्लीन म्हणाली. "तुम्ही हसत होता."

डार्लीनने पर्समधून पेन काढून तिच्यापुढे धरलं. फॉर्मवर शिक्षकाची सही लागत होती.