पासिंगची चाकं

रत्नागिरीतल्या मांडवीच्या मालनवयनी शिवलकरांनी कल्ले उघडून बघितल्याशिवाय आयुष्यात मासा घेतला नाही. आणि मासेवालीने आपणहून कल्ला उघडून दाखवला, तर मग मुळीच घेतला नाही. एवढी दाखवायची घाई का, असं त्यांना वाटे. दूधवाला, गॅसवाला, देवळात प्रसाद वाटणारा गुरव, हे सगळे त्यांच्या लेखी कधी ना कधी पकडले जाणारच होते, फक्त वेळ यायची होती. विश्वास पानिपतात गेला असं लोक बोलण्यापुरतं म्हणतात. वयनींनी ते मनावर घेतलं होतं.

नवरा विनोद बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. घराला आधार म्हणून त्याने पर्यटकांना भाड्याने द्यायच्या गाड्यांचा धंदा काढून दिला होता. चार स्कूटर आणि एक दणकट, लांब पल्ल्याची मोटारसायकल, तिच्या काळ्या पाटीवर पिवळे आकडे. घरात तिला थोरली म्हणत. थोरली आता तेरा वर्षांची झाली होती. भाड्याची गाडी अशी वयात आली की तिला दर वर्षी तपासणीला न्यावं लागतं. त्याला सगळे पासिंग म्हणतात. ब्रेक, टायर, दिवे, हॉर्न बघून इन्स्पेक्टर पुढच्या वर्षाचा दाखला देतो.

तर थोरली गेली पाच वर्षं, पाचही वेळा, पहिल्या फेरीत पास झाली होती. दुसरं कोणी असतं तर देवाला नारळ दिला असता. वयनींच्या मनात मात्र पाल चुकचुकली. शेजारच्या नितेशची गाडी थोरलीहून चार वर्षांनी लहान, तरी ती दोनदा परत आली होती. मग ही म्हातारी दर खेपेला नवरीसारखी कशी मिरवत येते? कुठंतरी पाणी मुरत होतं.

पाणी मुरायची जागा वयनींनी आधीच ठरवून टाकली होती. तिचं नाव सदू. सदू मेकॅनिक विनोदचा शाळेपासूनचा दोस्त. दर वर्षी पासिंगला थोरलीला तोच घेऊन जाई आणि तोच आणून सोडी. नितेशने एकदा वयनींच्या कानात घातलं होतं की मेकॅनिक लोक गाडीचे कंपनीचे पार्ट काढून घेतात आणि बनावट घालतात, नि बाईमाणसाच्या गाडीला तर हमखास. त्या दिवसापासून वयनी सदूला पाठीमागे चोर म्हणू लागल्या. तोंडावर नाही, कारण पुरावा नव्हता. सदू दर वर्षी सांगायचा की वयनी, टायर गुळगुळीत झालेत, ब्रेक संपत आलेत, बदलू या. वयनींचं उत्तर ठरलेलं होतं. गाडी पास होतेय ना? मग बदलायचं कशाला? वैद्याला जिकडेतिकडे रोग दिसतो तसा मेकॅनिकला बिघाड दिसतो, असं म्हणून त्या आत निघून जात.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. पासिंग सोमवारी होतं आणि मंगळवारी सकाळी शमिका, त्यांची एकुलती एक मुलगी, थोरलीवरून केळशीला जाणार होती. मैत्रिणीची, दर्शनाची हळद होती. हळदच आहे की कोणी मुलगा, हा संशय वयनींना होताच. लग्नपत्रिका त्यांनी उजेडात धरूनसुद्धा बघितली होती. पण खरी काळजी गाडीची होती. चार-पाच तासांचा रस्ता, वाटेत दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, आणि सोमवारी त्या सदूने काही काढून घेतलं तर मंगळवारी पोर त्याच गाडीवर बसणार. संशय हा वयनींचा छंद होता, पण ही भीती खरी होती.

म्हणून रविवारी दुपारी शमिका झोपलेली असताना त्यांनी तिची मोरपंखी नेलपॉलिशची बाटली घेतली आणि थोरलीला खुणा केल्या. दोन्ही टायरांच्या कडेला एकेक ठिपका, दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक, इंजिनाच्या पोटाला एक. आरशाच्या मागे एक घातला तो उगीच, बाटली हातात होती म्हणून.

सोमवारी सकाळी सदू गाडी घेऊन गेला. तासाभराने वयनी विनोदची बोटीवरची दुर्बीण पिशवीत घालून रिक्षाने तपासणीच्या मैदानावर पोचल्या आणि एका टेम्पोच्या आडोशाला उभ्या राहिल्या. रिक्षावाल्याला वाटलं, बाई सरकारी खात्यातली असावी. थोरली रांगेत तिसरी होती. वयनींनी दुर्बीण लावली. इंजिनाचा ठिपका होता, आरशाचाही होता. चाकांवर एकही नव्हता. त्यांनी दुर्बीण पदराने पुसून पुन्हा लावली. टायर काळेभोर, नक्षी खोल, ठिपका नाही. तेवढ्यात इन्स्पेक्टरने हात केला, सदूने गाडी वेगात आणली आणि रेषेवर ब्रेक दाबला. थोरली जागच्या जागी थांबली. इन्स्पेक्टरने शिक्का मारला.

सापडला चोर, वयनी मनात म्हणाल्या. पण त्या पुढे झाल्या नाहीत. मुद्देमालासह धरायचा होता. संध्याकाळी सदू गाडी सोडून गेला, दाखला हातात दिला, चहा नको म्हणाला. चहा नको म्हणाला हेही वयनींनी लक्षात ठेवलं. तो वळणावरून दिसेनासा होताच त्या गाडीजवळ उकिडव्या बसल्या आणि थक्क झाल्या. सगळे ठिपके जागेवर होते. टायरांवर दोन, चाकांवर दोन, मोरपंखी, त्यांच्याच हाताने घातलेले.

आता काय म्हणायचं? चोरी झाली आणि मालही घरात. वयनींनी खूप डोकं चालवलं. शेवटी त्यांनी ठरवलं की चोराने आपल्याला बघितलं असणार आणि घाबरून चाकं परत लावली असणार. म्हणजे आपली चाकं आपल्याला मिळाली, गाडी पास झाली, दाखला हातात आहे, पोरीला जायला हरकत नाही. मंगळवारी सात वाजता शमिका निघाली तेव्हा त्या अभिमानाने म्हणाल्या, "खुशाल जा. कालच पास झालीय."

मग त्या बांगडे साफ करायला बसल्या. तिसरा बांगडा हातात होता तेव्हा एक साधा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला. मैदानावर थोरलीला आपली चाकं नव्हती. मग पास कोण झालं?

बांगडा ताटात तसाच राहिला. हात धुतले न धुतले आणि वयनी रिक्षात बसल्या.

सदूचं गॅरेज नाचणे रस्त्याला होतं. तो नुकताच आला होता आणि दुकानापुढे पाणी मारत होता. दाराशी त्याची स्वतःची मोटारसायकल उभी होती, थोरलीच्याच जातीची. तिचे टायर काळेभोर होते आणि नक्षी खोल. वयनींनी ते एकदा बघितलं आणि विचारलं, "काल आमच्या गाडीला चाकं कोणाची होती?"

सदूने पाण्याची बादली खाली ठेवली. "माझी," तो म्हणाला.

त्याने काही लपवलं नाही. पाच वर्षं तो हेच करत होता. थोरलीचे टायर पाच वर्षांपूर्वीच संपले होते, ब्रेकमध्ये तर नुसता पत्रा राहिला होता. तशी नेली असती तर इन्स्पेक्टरने फाटकातूनच परत पाठवली असती. वयनींना सांगावं तर त्या ऐकत नव्हत्या, उलट चोर समजत होत्या, ते त्याला ठाऊक होतं. अशा गोष्टी मांडवीहून नाचण्याला पोचायला दिवस लागत नाही. तिकडून विनोद फोनवर सांगायचा की बाबा, हिचा धंदा बंद पडू देऊ नको. मग सदू पासिंगच्या सकाळी स्वतःची गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवायचा, तिची दोन्ही चाकं ब्रेकसकट थोरलीला लावायचा आणि संध्याकाळी काढून घ्यायचा. त्यालाही घरी जायला गाडी हवी असे.

"तुमची गाडी भाड्यानं जाते ती किल्ल्यापर्यंत नि भाट्याच्या पुळणीपर्यंत," सदू म्हणाला. "म्हटलं, हळू चालवतात लोकं, निभावतंय. चूक माझी हाय, वयनी. तुम्ही नाय बदललंत तर मी तेव्हाच गाडी नेणार नाय म्हणून सांगायला हवं होतं."

वयनींना पाच वर्षांतली गिऱ्हाइकं आठवली. टाकीवर लहान मूल बसवून गेलेला एक बाप आठवला, त्याला त्यांनी दाखला काढून दाखवला होता.

"गाडी आज घरातच ठेवा," सदू म्हणाला. "मी येतो नि..."

"शमिका घेऊन गेली. केळशीला."

सदूच्या तोंडावरचा रंग उतरला. "जयगडवरनं?"

वयनींनी मान डोलावली. रत्नागिरीहून केळशीला जाताना पहिली फेरीबोट जयगडला, आणि तिथला जेटीचा उतार सगळ्यांना माहीत आहे. वरून सुटला माणूस की खाली बोट असेल तर बोटीत, नसेल तर खाडीत. त्या उताराला ब्रेक दाबून दाबून धरावा लागतो. पत्र्यावर पत्रा घासून थोरली कितपत थांबेल, हे सदूला विचारायची वयनींना छाती झाली नाही.

त्यांनी फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पोरगी गाडीवर असताना फोन घेत नसे, ही शिस्त त्यांनीच लावलेली होती. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सदूने स्वतःची गाडी रस्त्यावर काढली होती, पण तास-सव्वातासाचं अंतर तो कशाने भरून काढणार होता? आता देवच, असं वयनींच्या मनात आलं, आणि मनातल्या मनात त्यांनी भगवतीला गाऱ्हाणं घातलं, हात न जोडता, कारण हातात फोन होता.

फोन वाजला. शमिका होती.

"काय गो आये, तीन-तीन फोन? जेटीच्या वर थांबलेय. बोट लागतेय, उतरायचंय."

"उतरू नको," वयनी म्हणाल्या. "गाडीला ब्रेक नाय. तिथंच ठेव गाडी."

शमिका हसली, पण त्यात हसू नव्हतं. "मागच्या खेपेला तुझ्या छातीत दुखत होतं. मी लांज्यातनं परत आले तर तू घावणे करत होतीस. त्याच्या आधी बाबांचा फोन येणार म्हणून परत बोलावलंस. आज ब्रेक नाय."

"खरं सांगतेय, शमे."

"सकाळी तूच म्हणालीस ना, कालच पास झालीय? मग ब्रेक तासाभरात गेला? दर्शनाची हळद हाय, आये. तिथं कोणी मुलगा नाय. बोट सुटेल, ठेवते मी."

"सदूनं सांगितलंन्," वयनी घाईने म्हणाल्या. "मी त्याच्याकडेच उभी हाय."

"सदूकाका? ते तर चोर ना? तूच सांगतेस सगळ्या वाडीला."

सदू दोन हातांच्या अंतरावर उभा होता. फोनमधलं त्याला सगळं ऐकू येत होतं. वयनींच्या ध्यानात आलं की आपण दहा मिनिटं बोललो तरी ही पोरगी आपल्या शब्दाचा कल्ला उघडूनच बघणार. तिला हे शिकवणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

"चोर नाय तो," त्या म्हणाल्या. सदूकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. "मी खोटं बोलत होते, शमे. तो चोर नाय."

पलीकडून बोटीचा भोंगा ऐकू आला. मग शमिका म्हणाली, "काकांना दे फोन."

वयनींनी फोन पुढे केला. सदूने ओले हात पँटला पुसले आणि तो घेतला.

"शमे, सदूकाका बोलतोय. उतारावर नेऊ नको गाडी. मी येतोय."

"बरं काका," शमिका म्हणाली. "थांबते."

एवढंच. एकही प्रश्न तिने विचारला नाही. सदूने फोन परत दिला आणि हत्यारांची पिशवी गाडीला अडकवली. पोर वाचली म्हणून मालनवयनींच्या जिवात जीव आला, आणि कशी वाचली ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सदूने गाडी सुरू केली, मागची सीट फडक्याने पुसली आणि त्या बसायची वाट बघत थांबला.