दीड सेंटिमीटरचा डाग

सोनईच्या बाजारपेठेत वैजनाथरावांची लाँड्री आहे, आणि त्या लाँड्रीत वैजनाथरावांचा अहंकार आहे. दोन्ही बत्तीस वर्षांचे. पानाचा, हळदीचा, आमरसाचा, लग्नात सांडलेल्या रश्श्याचा, कुठलाही डाग आणा, हा माणूस चष्मा कपाळावर चढवणार, कापड उजेडात धरणार आणि म्हणणार, "जाईल." आपल्या हातून न गेलेला डाग अख्ख्या सोनईत नाही, असं ते स्वतःच सांगत. गिऱ्हाइकांचं मत जरा वेगळं होतं, पण ते कोणी विचारत नसे.

म्हणून नगरच्या सोनोग्राफीवाल्या मोनिका मॅडम जेव्हा म्हणाल्या, "काका, यकृतावर एक डाग दिसतोय, दीड सेंटिमीटरचा," तेव्हा वैजनाथरावांनी सवयीनं विचारलं, "कशाचा हाय?"

"तेच तर बघायचंय," मॅडम म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांच्या लक्षात आलं, की हा डाग कापडावरचा नाही.

वैजनाथरावांच्या रक्तात कावीळ बीचा विषाणू आहे, हे अकरा वर्षांपूर्वी एका रक्तदान शिबिरात कळलं होतं. अशा माणसाला यकृताच्या कॅन्सरचा धोका जास्त, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. आजवर ते आणि त्यांची बायको केशरबाई एसटीनं नगरला यायचे, तपासणी उरकायचे आणि भेळ खाऊन परत जायचे. वैजनाथरावांचा थोरला भाऊ मात्र याच दुखण्यानं गेला होता. त्याच्याही गाठीला सुरुवातीला डॉक्टरांनी 'डाग'च म्हटलं होतं. त्यामुळे आज भेळेचं नाव कोणी काढलं नाही.

"तुमचं मूत्रपिंड जरा नाजूक आहे, म्हणून सीटी स्कॅनचं औषध द्यायला नको," मॅडमनी समजावलं. "सोनोग्राफीच करू, पण शिरेतून औषध सोडून. त्यात अगदी बारीक बुडबुडे असतात. ते रक्तातून यकृतात गेले की तो डाग कसा वागतो ते पडद्यावर दिसतं. पाच-सहा मिनिटांचं काम."

"आन् बुडबुडं नंतर जातात कुठं?"

"श्वासावाटे निघून जातात."

बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या वैजनाथरावांनी बायकोला सगळं उलगडून सांगितलं. "बुडबुडं म्हंजी फेस. फेस आला म्हंजी धुनं आलं. आतनं धुनार हायेत."

"अवो, तपासनार म्हनल्या त्या."

"तुला लाँड्रीतलं काय कळतंय?"

लग्न झाल्यापासून त्याच लाँड्रीत इस्त्री फिरवणाऱ्या केशरबाईंनी पिशवीतले जुने रिपोर्ट तारखेवार लावायला घेतले. आज भांडायचा दिवस नव्हता.

दुपारी वैजनाथराव टेबलावर आडवे झाले. सविता सिस्टरनी हाताला सुई लावली, मॅडमनी बरगड्यांखाली यंत्र टेकवलं. केशरबाईंना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला मिळालं.

"सोडा औषध. घड्याळ चालू करा," मॅडम सिस्टरना म्हणाल्या. "वॉशआऊट होतं का, ते नीट बघायचंय."

एवढ्या इंग्रजीत आपला एक तरी शब्द सापडला म्हणून वैजनाथरावांना धीर आला. वॉश! म्हणजे आपण म्हणत होतो तेच. त्यांनी डोळे मिटले. 'शनिमहाराजा, निघू दे एकदाचा.'

"एक मिनिट झालं," सिस्टर म्हणाल्या.

"वॉशआऊट नाही."

"दोन मिनिटं."

"अजून नाही."

वैजनाथरावांना राहवेना. "मॅडम, औषध गरम केलं हुतं का? गार पान्यात फेस धरत न्हाई."

"काका, बोलू नका. यंत्र हलतंय."

तिसऱ्या मिनिटाला त्यांनी मान उचलून पडद्याकडे बघितलं. चौथ्याला त्यांनी हळूच सुचवलं, "वरनं जरा घासून बघा की." पाचवं मिनिट संपलं तसं मॅडमनी यंत्र उचललं. "अजिबात वॉशआऊट नाही," त्या सिस्टरना म्हणाल्या. "काका, पडून राहा. रिपोर्ट लिहून आलेच." दोघी शेजारच्या खोलीत गेल्या.

वैजनाथरावांनी छताकडे बघत हाक मारली. "केशर, डाग गेला न्हाई."

केशरबाई उठून जवळ आल्या. चेहरा कोरडा ठणठणीत.

"माझं काय आता खरं न्हाई. मन मोकळं करतो. तुला बघायला आल्तो तवा जो कोट घातला हुता, त्यो माझा नव्हता. धुवायला आल्याला हुता."

"ठावं हाय. बाह्या बोटांपत्तुर येत हुत्या."

"लग्नातला बी."

"त्ये बी ठावं हाय. कोटवाला मांडवात आल्ता. अक्षता टाकायचं सोडून तुमच्याकडंच बघत हुता."

 वैजनाथरावांचा खरा अवघड कबुलीजबाब पुढेच होता. "तुझा जांभळा शालू उंदरानं कुरतडला म्हनलो हुतो ना? उंदीर नव्हता. इस्त्री तशीच ठिवून मी च्याला गेल्तो."

हे मात्र केशरबाईंना ठाऊक नव्हतं. "त्या उंदरापायी मी चोवीस वर्सं मांजरं पाळली!" त्या कडाडल्या.

तेवढ्यात दार उघडून मॅडम आल्या. वैजनाथरावांनी हात जोडले. "मॅडम, काय आसंल ते सरळ सांगा. किती दिस ऱ्हायलं?"

"कशाचे?"

"डाग धुवून निघाला न्हाई ना!"

मॅडमनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग सिस्टरकडे, आणि मग खुर्ची ओढून बसल्या. "अहो काका, धुऊन निघाला असता तरच काळजी होती. कॅन्सरची गाठ हे बुडबुडे घाईघाईनं ओढून घेते, पण थोड्या वेळानं ते तिथून धुऊन जातात आणि ती जागा काळी दिसायला लागते. त्याला म्हणायचं वॉशआऊट. तुमच्या डागानं कडेकडेनं सावकाश भरून घेतले आणि शेवटपर्यंत धरून ठेवले. हा रक्तवाहिन्यांचा साधा गुंता आहे. बरगडीआड होता म्हणून आजवर दिसला नाही. कॅन्सर नाहीये."

"म्हंजी ह्यो जानार न्हाई?"

"नाही."

"कितीबी धुतला तरी?"

"कितीही. तुमच्याबरोबर म्हातारा होईल. सहा महिन्यांची तपासणी मात्र चुकवायची नाही."

वैजनाथरावांना इतका आनंद झाला, की डागाचं कौतुक कुठल्या शब्दांत करावं तेच सुचेना. "लई झ्याक डाग हाय," ते गहिवरून म्हणाले. "पक्का हाय एकदम."

मग त्यांनी बायकोकडे बघितलं. नवरा मरायला टेकलाय असं ऐकूनही जिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ती केशरबाई स्टुलावर बसून, पदराचा बोळा तोंडात कोंबून हुंदके देत होती.

"अगं, बरं हाय म्हनत्यात त्या! तू ऐकलं न्हाई का?"

"ऐकलंय," केशरबाई म्हणाल्या. "सकाळपासनं दम धरून बसले हुते. आता तरी रडू द्या मला."

वैजनाथराव टेबलावरून उतरले, आणि तिचं रडणं संपेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.