आवाज द्या

माझ्या जिभेला हाड न्हाई, हे आमची लक्ष्मी लगीन झाल्यापासून सांगायलीय. मी कधी ऐकलं न्हाई. आता ऐकून उपयोग न्हाई.

शहाऐंशी साली सगळ्या जिंतुरात चार माइकचं मिक्सर फक्त माझ्याच दुकानात होतं. चार माइक, त्यांची चार बटनं अन् आवाज किती चढला ते दाखवणारा एक काटा. काटा लालात गेला की आवाज फाटला, लय खाली राहिला की दबला. चारी आवाज एकाच कॅसेटीत जायचे. एकदा मिसळले की मिसळले, शिजलेल्या वरणातून मीठ काढता येत न्हाई. हे ज्ञान मी गिऱ्हाइकाला चहाबरोबर फुकट द्यायचो.

पेडगावचा बन्सीधर पुण्याला कारखान्यात होता. सुट्टीवर आला तवा त्यानं कोरी कॅसेट माझ्यापुढं ठेवली. "सितारामभाऊ, आईचा आवाज भरून ठेवा. तिकडं लय आठवण येती. बाकी कायबी नको," म्हणला अन् पुण्याला गेला.

मी सामान घेऊन पेडगावला गेलो. देवळात त्याची आई, नर्मदामावशी, भजनाला बसली. पेटीवर दिनकरराव, पखवाजावर लिंबाजी, टाळावर माणिकराव. एकेकाला वाजवायला लावून तिघांची बटनं बसवली. मग मावशीची पाळी आली. मी टेप चालू करून म्हणलो, "मावशे, आवाज द्या."

आता आमच्याकडं आवाज दे म्हणजे हाक मार. मला काय ठाव न्हवतं? सगळा जल्म इथंच गेला. पण मिक्सर आल्यापासून मी मिक्सरचीच भाषा बोलायलो होतो, तिच्यात आवाज द्या म्हणजे बटन बसवायला एक ओळ म्हणा. मावशी माइकाकडं वळली अन् बांधावरून मारावी तशी हाक मारली, "बन्स्याऽऽ, आरं ये की रं, भाकर निवायली!"

काटा टोकाला जाऊन आदळला.

"मावशे," मी म्हणलो, "भजन म्हणायचंय. पोराला शिवारातून बोलवायचं न्हाई."

सगळे हसले. मावशीनं पदर तोंडाला लावला. मी त्या हाकेच्या हिशोबानं तिचं बटन निम्म्याच्याबी खाली आणलं, टेप मागं घेतला अन् त्या हाकेवरच भजन भरायला लागलो.

ती लाजून हळू म्हणायली. तिच्या आवाजानं काटा हलंना, मला दिसत होतं. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकबी फुंकून पितो. वाटलं, रंगात आली की चढंल, अन् बटन वाढवल्यावर फाटलं तर? ती काय चढली न्हाई. दुकानात येऊन ऐकलं तर पेटी खणखणीत, पखवाज खणखणीत, अन् मावशी भिंतीपल्याड. आवाज मोठा केला की सगळंच मोठं व्हायचं. ठरवलं, कापसाची वेचणी झाली की परत जायचं. वेचणी झाली तवर लग्नसराई लागली, मी भोंगे घेऊन गावोगाव फिरलो. माघात मावशी गेली.

तेरावं उरकून बन्सी दुकानात आला. मी कॅसेट लावली. तो स्पीकरला कान लावून बसला. दोन भजनं झाली.

"भाऊ, ह्यात आई कुठंय?"

"हे बघ, पेटीच्या मागं. आता आली बघ," मी म्हणलो. तो ऐकत राह्यला. तिसरं भजन संपल्यावर माझ्याच्यानं राहवलं न्हाई. मी सगळं सांगितलं. ती हाक, ते हसणं, माझं तोंड. "तुलाच हाक मारली होती तिनं. मी पुसली," म्हणलो. वाटलं, गचांडी धरंल. धरली असती तर बरं झालं असतं.

"काय म्हणली होती?"

मी सांगितलं.

"आसं न्हाई. तिच्यावाणी म्हणून दाखवा."

मी हाक मारली. रस्त्यावरचे लोक थांबून बघायले.

"बन्स्या लांबवायची ती," तो म्हणला. "परत म्हणा."

मी परत म्हणलो.