दोन आत्यांची कासवगाडी

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. अडचण एवढीच, की कुठलं निम्मं ते अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. पत्र्याच्या बाबतीत मात्र माझा शब्द चालायचा. पंचेचाळीस वर्षं मी गाड्यांचे पोचे काढले. गॅरेजच्या दारावर मी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'इथे एका गाडीला दुसऱ्या गाडीचा पत्रा लावला जात नाही.' तोंडाने काय वाटेल ते फेकीन, हातोडीने खोटं बोलणार नाही, हा माझा बाणा. गॅरेज बंद केलं तेव्हा पाटी घरी आणून बाहेरच्या खोलीत लावली. आमच्या हिने तिला खिळे ठोकून छत्र्या टांगल्या, ते सोडा.

दर रविवारी सकाळी आम्ही जुन्या गाड्यांचे वेडे टायरवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमतो. बसायला टायर, मध्ये चहाची किटली आणि किटलीशेजारी मास्तरांची वही. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. नावाजलेल्या गाड्यांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना हव्यात कुणी नावही न ऐकलेल्या गाड्या. शिलाई मशीनवाल्याने हौसेने काढलेली तीनचाकी, वायपर हाताने फिरवायची मोटार, मागच्या दोघांनी मागे तोंड करून बसायची चौघांची गाडी. कुणाच्या गवताखालून, कुणाच्या कोंबड्या हाकलून त्यांनी अशा तीनशे अकरा गाड्या शोधल्या होत्या. वहीत प्रत्येकीचं पेन्सिलने काढलेलं चित्र आणि खाली 'प्रत्यक्ष पाहिली' अशी सही. पाहिली नाही तर नोंद नाही. आता ती वही छापायला जाणार होती.

"तीनशे अकराच?" त्या रविवारी मी म्हटलं. "कासव नाही त्यात?"

"आलं कासव!" म्हणत टायरवाल्याने आपला टायर जवळ ओढला. माझं सुरू झालं की तो गिऱ्हाइकाचा फोनही उचलत नाही.

मी सांगू लागलो. ट्रंका बनवणारा एक कारखाना होता. मालकाच्या मनाने घेतलं, व्हॅन काढायची, 'कासव' नावाची. पण हाताखालचे सगळे कारागीर ट्रंकवाले, त्यांनी आपल्याला येतं तेच केलं. कोपऱ्यांना ट्रंकेसारख्या पत्र्याच्या टोप्या, मागच्या दाराला कडी-कोयंडा, आतून फुलाफुलांचा कागद. पुढे एकच दिवा, बरोबर नाकावर. आणि ड्रायव्हर मधोमध.

"मधोमध का?" मास्तरांनी विचारलं.

"मालकाला दोन आत्या. दोघींत विस्तव जात नव्हता. मागे बसायला एकही तयार नाही आणि दोघींना शेजारी शेजारी बसवायची कुणाची छाती नाही. मग ड्रायव्हर मध्ये, थोरली आत्या इकडे, धाकटी तिकडे. चौकात आलं, की जी आधी ओरडेल तिच्या बाजूला गाडी वळायची."

खोली हसली. मास्तर हसले नाहीत.

"अशा सत्तावीस निघाल्या," मी पुढे रेटलं. "त्यातली एक आपल्या गावात आली. या हातांनी काम केलंय तिचं."

"डेंटर," मास्तर म्हणाले, "वीस वर्षं ऐकतोय तुमचं. एकदा तुम्ही सबंध घाट रिव्हर्समध्ये चढलात. एकदा बॉनेटखालून जिवंत घुबड निघालं आणि त्याने तुम्हाला ओळख दाखवली. माझी वही छापायला चाललीय. तिच्याजवळ बसून असलं बोलू नका, तिला वास लागेल."

"कासव खरं आहे."

"मग दाखवा. पुढच्या रविवारपर्यंत. दाखवलंत तर तीनशे बारावी नोंद तुमच्या नावाने. नाही दाखवलंत, तर यापुढे इथे तोंड उघडायचं ते फक्त चहा प्यायला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. टायरवाल्यानेसुद्धा, बेइमान कुठला.

"चालेल," मी म्हटलं, आणि आवाज अगदी खणखणीत निघाला. पण तुम्हीच सांगा, गवयाचा गळा, पैलवानाचे दंड, तसं माझं तोंड. ते बंद झालं तर माझ्याकडे उरलं काय? दोन गुडघे, तेही दुखरे.

घरी येऊन हिला सांगितलं. तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"म्हणजे रविवारच्या गोष्टी आता घरी? मला? अहो, काय वाटेल ते करा, पण ती गाडी शोधा."

"तीच तर पंचाईत आहे. तिचं तोंड बदललंय."

"कुणी बदललं?"

मी पाटीकडे बघितलं. माझ्या मागोमाग तिनेही बघितलं.

"अगं बाई!" म्हणत ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

सांगून टाकतो. गॅरेज उघडून वर्षही झालं नव्हतं. एक टोप्या विकणारे गृहस्थ कासव घेऊन आले. ट्रंकांचा कारखाना बुडाल्यावर स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं. पण रस्त्याने लोक हसायचे, 'ट्रंक चालली, ट्रंक चालली' म्हणून ओरडायचे. "हिला चारचौघींसारखी करा," गृहस्थ म्हणाले, "आणि कुणाला बोलू नका." मी अकरा दिवस दार लावून काम केलं. त्या वेळी दूधवाल्यांकडे सरसकट एकाच घडणीच्या पांढऱ्या व्हॅन असत. तसल्या एका मोडक्या व्हॅनचं दोन दिव्यांचं तोंड कापून मी कासवाला जोडलं. सांध्यात शिसं वितळवून भरलं. स्टिअरिंग मधून काढून कडेला नेलं आणि मधल्या भोकावर पत्रा मारला. गृहस्थ रोज स्टुलावर येऊन बसत. बिचारे उदास असायचे, म्हणून त्यांना रमवायला माझं तोंडही चालू असे. शेवटच्या दिवशी काम असं उतरलं, की ते स्वतःच्याच गाडीला टेकून म्हणाले, "माझी गाडी कुठाय?" त्यांचं टोप्यांचं दुकान पुढे उठलं आणि माणूस कुठे गेला ते मला कळलं नाही. पाटी मी त्यानंतर आठ दिवसांनी रंगवली. मन खात होतं.

सोमवारपासून मास्तरांच्या स्कूटरवर मागे बसून मी गाव पालथं घातलं. "जुन्या दूधव्हॅन असतील तिथे न्या," एवढंच म्हटलं.

"कासव शोधायला दूधव्हॅन कशाला?"

"कासव लपतं कुठे, मास्तर? कवचात."

माझी रीत साधी होती. बोट दुमडून पत्र्यावर टकटक करायचं. दूधव्हॅनचा पत्रा पातळ, 'टण्' म्हणतो. ट्रंकेचा जाड, 'ठक्' म्हणतो. एका व्हॅनमध्ये घड्याळवाल्याने दुकान थाटलं होतं. मी बाहेरून टकटक केली, तर तो आतून म्हणाला, "या, उघडंच आहे." एकीत दाताचे डॉक्टर फावडी ठेवत होते. ती टण्. एकीत एक म्हातारबुवा नुसते पेपर वाचत बसले होते. घरात सून-मुलगा भांडतात म्हणाले, इथे शांतता असते. तीही टण्.

एका मळ्यात तर वेगळंच झालं. व्हॅन साधीच निघाली, पण तिच्यामागच्या वेलांत एक दोन माणसांची बुटकी मोटार दडलेली. पेट्रोलच्या टाकीलाच गादी शिवून केलेली सीट! मास्तर गुडघ्यांवर बसले, तिच्या चाकावरून हात फिरवला आणि तिथेच चित्र काढायला घेतलं. तीनशे बारावी. माझा नंबर गेला की हो! पण खरं सांगू? त्या माणसाचा चेहरा बघून मला रागच येईना.

शनिवार दुपारपर्यंत यादीतल्या सगळ्या व्हॅन संपल्या. सगळ्या टण्. मी घरी छत्र्यांखाली बसलो होतो. ही इस्त्रीचे कपडे घेऊन आली.

"लाँड्रीवाल्या ताईंच्या मागच्या अंगणात एक पांढरी व्हॅन आहे," ती म्हणाली. "चादरी ठेवतात तिच्यात."

"माहितीय. मास्तरांनी मागेच फुली मारलीय तिच्यावर. त्यांच्या खिशात चुंबक असतं. नाकाला चिकटलं नाही, म्हणजे डागडुजीची गाडी, पुन्हा बघायची नाही, असा त्यांचा नियम."

बोलता बोलता मी थांबलो. चुंबक पत्र्याला चिकटतं. शिशाला नाही.

"ते मला काही कळत नाही," ही म्हणाली. "पण तिचं दार लावलं ना, की माझ्या ट्रंकेसारखं वाजतं. आधी कर्र, मग खट्. तेरा वर्षं ऐकतेय. लक्ष आज गेलं."

पंचेचाळीस वर्षं पत्र्याला कान लावणारा मी, आणि कासव सापडलं ते हिच्या कानाला! माझे शर्ट दर आठवड्याला त्याच्याशेजारी वाळत होते.

रविवारी सगळी मंडळी टायरवाल्याकडे न जमता लाँड्रीच्या अंगणात जमली. लाँड्रीवाल्या ताई बाह्या सारून उभ्या होत्या. "चादरी काढून ठेवल्यात, काका. तासाभरात परत भरायच्यात, काय करायचं ते करा."

मास्तरांनी व्हॅन बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही? हिचं नाक अर्धं शिशाचं आहे. कुणा भामट्या डेंटरचं काम."

"माझं," मी म्हटलं.

मग मी काखेतली पाटी काढून सगळ्यांसमोर व्हॅनला टेकवून ठेवली आणि झालं ते सांगितलं. अकरा दिवस, दूधव्हॅनचं तोंड, शिसं, सगळं. एकही शब्द फुगवला नाही. मलाच परक्यासारखं वाटत होतं. आयुष्यात एवढं छोटं मी कधी बोललो नव्हतो.

"म्हणजे हातोडीनेही थाप मारलीत," टायरवाला म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"एकदाच. आता हे ऐका." मी बाजूच्या पत्र्यावर बोट वाजवलं. ठक्. मागचं दार लावलं. कर्र, खट्. आत चुन्याचा पोपडा नखाने उडवला, खाली निळी फुलं.

मास्तर मात्र मास्तर. "नाक बदलणारा माणूस दारही बदलू शकतो," ते म्हणाले. "कागदही चिकटवू शकतो. तुम्हीच आत्ता कबूल केलंत की हा हात खोटं काम करतो. मग मी कशावर सही करू?"

बोलणं बिनतोड होतं. मी हसलो. मी याचीच वाट बघत होतो.

"ताई, स्क्रूड्रायव्हर आहे? डॅशबोर्डच्या मधोमध एक पत्रा आहे, चार स्क्रूंचा. काढू का?"

"काढा. पण परत लावून द्या."

तीन स्क्रू निघाले, चौथा गंजलेला. मास्तरांनीच खाली बसून तो सोडवला आणि पत्रा हातात घेतला. मागे स्टिअरिंगचं जुनं भोक होतं. त्याच्या वर ट्रंकांच्या कारखान्याची पितळी पट्टी, क्रमांक एकोणीस. आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला मी तरुणपणी खिळ्याने ठोकून ठोकून काढलेलं चित्र. कासवाचं खरं तोंड, नाकावर एक दिवा. खाली ठिपक्या-ठिपक्यांनी तारीख आणि एवढंच: 'बाहेरचं तोंड खोटं. हे खरं.'

मास्तरांनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"रेघ वाईट आहे," ते म्हणाले. "पण खोटी नाही." आणि त्यांनी वही उघडली.

ताई चित्राकडे बघत होत्या. "ते टोपीवाले म्हणजे माझे बाबा. त्यांनी हे कधी सांगितलं नाही. हसायचे का हो लोक त्यांना?"

"हसायचे."

"मग आता समोर येऊन हसू देत. काका, तुम्हीच बिघडवलंय, तुम्हीच नीट करा. मला तो एक दिवा परत पाहिजे."

"अकरा दिवस लागतील," मी म्हटलं. गुडघे दुखायचे थांबले होते. खोटं वाटेल तर हे त्या निम्म्यात घाला.

चहा आला. मास्तर लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. "नोंद तीनशे तेरा. कासव. एक दिवा. चालक मधोमध. कारण, मालकाच्या दोन आत्या, थोरली एका बाजूला..."

"मास्तर," मी घाईने म्हटलं, "ते आत्यांचं तेवढं खोडा."

"का?"

"त्या मी घातल्या. मधोमध का, ते मला माहीत नाही. कारखान्यातही कुणाला माहीत नसेल. आत्या-बित्या काही नव्हत्या."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पुरे झाला नम्रपणा, डेंटर. तुमच्यावर अविश्वास दाखवून मी एकदा तोंडावर पडलोय."

"अहो, खरंच नव्हत्या!"

"होत्या की," लाँड्रीवाल्या ताई कपबशा मांडता मांडता म्हणाल्या. "चौकात जी आधी ओरडेल तिच्या बाजूला गाडी वळायची. बाबा नेहमी सांगायचे."

बाबा! स्टुलावर बसून अकरा दिवस माझ्या थापा ऐकणारे बाबा!

"बघा," मास्तर म्हणाले, "दुसरा पुरावाही मिळाला." त्यांनी 'दोन आत्या' या शब्दांखाली दोनदा रेघ मारली आणि सही ठोकली.

आमची ही पदराने तोंड झाकून हसत होती. टायरवाल्याने एक बादली उपडी घातली, माझ्याजवळ सरकवली आणि वर बसला. "काका, थोरल्या आत्याचं आणखी सांगा ना. स्वभावाने कशी होती?"

मी कप उचलला. तोंड उघडलं, ते चहा प्यायला.