भीमाने राखलेली रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, मी एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे. नाव ऐकून मागे सरकू नका. माझ्यातून आजवर कोणावर एकही गोळी सुटलेली नाही. तरी माझ्यापायी एक माणूस गेला, आणि त्याचेच सांगायचे म्हणून मी तोंड उघडले आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे यंत्रे कमी आणि हात जास्त होते. एका कारागिराने माझ्या नळीवर बारीक छिन्नीने वेल कोरली, तिच्यात चांदीची तार ठोकून बसवली आणि मूठ हस्तिदंताची केली. मी देखणी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्याचा ताठाही मला चांगलाच होता, तो लपवून काय करू?

पुढे मी मुंबईला आले आणि दोन-तीन घरांतल्या कपाटांत पडून राहिले. मग ऐंशीच्या दशकात परदेशातून शस्त्रे येणे बंद झाले आणि माझ्यासारख्या जुन्यांचे भाव आभाळाला भिडले. नेमके तेव्हाच हरिचंद्र शेठनी मला विकत घेतले.

शेठचे उल्हासनगरात फर्निचरचे दुकान होते आणि मागेच कारखाना. राहायला ते बदलापुरात, कुळगावच्या कडेला बांधलेल्या बंगल्यात. व्यापाऱ्यांना धमक्या येण्याचे दिवस होते. शेठनाही एक फोन आला होता. रीतसर परवाना काढून एखादे साधे शस्त्र घेतले असते तरी भागले असते, पण त्यांनी मला पाहिले आणि ते हरखूनच गेले. त्या वर्षी बंगल्याच्या व्हरांड्याला लोखंडी जाळी बसायची होती. ते पैसे माझ्यात गेले.

बंगल्याची राखण भीमा करी. बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा हा माणूस. त्याची बायको जिवली पाड्यावर राहून भातशेतीचा तुकडा सांभाळी. अंगाने तो किरकोळ होता. हातात काठी, पायात टायरच्या चपला, आणि राहायला जिन्याखालची जागा. एकदा त्याने भीत भीत विषय काढला.

"शेठ, मी येकटाच हाय. वऱ्हांड्याला जाळी बसवा ना. तिघं-चौघं आले तं मी काय करनार?"

"अरे, घरात रिव्हॉल्व्हर आहे आता. कोण येतंय मरायला!" शेठ हसले.

मालिनीताई, म्हणजे शेठच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "रिव्हॉल्व्हर कपाटात, तुम्ही दिवसभर दुकानात, आणि दारात उभा हा. परवाना तुमच्या नावाचा. त्याने नुसता हात लावला तरी पोलीस त्यालाच नेतील."

"बघू, पुढच्या वर्षी," शेठ म्हणाले, आणि जाळी राहिली ती राहिलीच.

माझे मात्र लाड चालू होते. दर रविवारी मऊ फडके आणि तेल. निवडणूक आली की इतरांच्या शस्त्रांबरोबर मलाही पोलीस ठाण्यात जमा व्हावे लागे. तिथून परत आले की शेठ मला तापातून उठलेल्या लेकरासारखे चाचपून पाहत.

दसऱ्याला तर विचारूच नका. कारखान्यात करवती, रंधे, पटाश्या मांडून पूजा होई. ज्या हत्यारांनी शेठचे घर उभे केले ती खाली सतरंजीवर, आणि जिने काडीचे काम केले नाही ती मी वरच्या पाटावर, झेंडूच्या माळेत! शेठना तेवढ्याने समाधान नव्हते. एका वर्षी त्यांनी पूजाच दुकानाच्या दर्शनी भागात मांडली. अख्खा बाजार सोने द्यायला आला आणि मला बघून गेला. शेजारच्या दुकानाचे सिंधी मालक लोकूमल क्षणभर थांबले आणि हळूच म्हणाले, "हरी सेठ, ऐसी चीज दिखाते नहीं, सांई. घर में रखते हैं और भूल जाते हैं."

शेठना वाटले, लोकूमलला हेवा वाटतो. मलाही तसेच वाटले.

पुढच्या मे महिन्यात अंबरनाथला शेठच्या पुतणीचे लग्न होते. निघताना शेठनी मला कमरेला लावून पाहिले, आरशात दोन्ही बाजूंनी निरखले आणि परत काढले. "नको. घामाने चांदी काळी पडेल, मूठ पिवळी होईल." इतकी महाग होते मी, की मला वापरणेही त्यांना परवडेना. मखमली पेटीत घालून त्यांनी मला कपाटात ठेवले. भीमाला म्हणाले, "आतल्या खोलीकडे लक्ष ठेव."

भर दुपारी तिघे आले. दसऱ्याला बाजारात मला पाहिले होते, असे त्यांनी पुढे पकडले गेल्यावर पोलिसांना सांगितले. त्यांना दुसरे काहीच नको होते. उघड्या व्हरांड्यातून ते सरळ आत शिरले. भीमा आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला आणि ओरडत सुटला. त्यांच्याजवळ पहार होती. कपाटात मला दिसत काही नव्हते, ऐकू मात्र सगळे येत होते; बाकीचे मागाहून लोकांच्या बोलण्यातून कळले. मार खाऊनही त्याने दाराची कडी सोडली नाही. शेवटी आळीतली माणसे धावली आणि ते तिघे मागच्या शेतातून पळाले.

शेजाऱ्यांनी भीमाला व्हरांड्यात आडवे केले. त्याच्या डोक्यातून रक्त थांबेना. एकाने लग्नाच्या हॉलवर फोन केला, तर शेठ घरी यायला केव्हाच निघाले होते; दुसरा रिक्षा शोधायला धावला. तेवढ्यात शेठची फियाट वळणावर दिसली. सगळ्यांना हायसे वाटले. रिक्षासाठी गेलेल्यालाही हाका मारून परत बोलावले.

शेठ गाडीतून उतरले, भीमाला ओलांडून आत आले आणि त्यांनी कपाट उघडले.

"अहो, चावी द्या गाडीची! त्याला न्यायला हवं!" मालिनीताई ओरडत होत्या.

"एक मिनिट. आधी बघू दे."

त्यांनी पेटी उघडली. मला खिडकीशी नेले. वेल पाहिली, मूठ पाहिली, गोळ्यांचे चाक फिरवून पाहिले. बाहेर भीमा कण्हत होता आणि गाडीची चावी शेठच्या खिशात होती. मला जन्मात पहिल्यांदा वाटले, मी कुठेतरी चिरलेली असावे, मोडलेली असावे, म्हणजे हे मला टाकून देऊन बाहेर जातील. पण माझ्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

मग गाडी निघाली. स्टेशनजवळचे रेल्वेचे फाटक त्यांच्या डोळ्यांदेखत बंद झाले. फाटक उघडेपर्यंत भीमा संपला होता.

जाळी आठवड्याभरात बसली.

काही दिवसांनी जिवली भीमाचे कपडे न्यायला आली. व्हरांड्यातच उभी राहून म्हणाली, "बाय, त्यो कशासाठी मेला, ता मना दाखव."

मालिनीताई आत गेल्या. त्यांनी पेटी आणून तिच्यासमोर उघडली. जिवलीने वाकून पाहिले. हात लावला नाही.

"ही? येवढीशीच?"

"हो."

"हिचा काय करतात?"

मालिनीताई म्हणाल्या, "घर राखायला आणली होती."

जिवली सरळ उभी राहिली. मग कपड्यांचे गाठोडे काखेत मारून म्हणाली, "माझ्या मानसानी हिला राखली. हिनी कोनाला राखला, बाय?"

ती गेली. तेव्हापासून शेठ मला कोणाला दाखवत नाहीत, पण विकतही नाहीत. रविवार चुकवत नाहीत. दार लावून मला मांडीवर घेतात आणि कितीतरी वेळ पुसत बसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला जपा, आमची धूळ झटका. मी हात जोडून उलटे मागते. मला तेल देऊ नका. माझी वेल काळी पडू द्या, माझे चाक गंजून बसू द्या. माझी किंमत कोणी विचारली तर जिवलीच्या पाड्यावर जाऊन विचारा म्हणावे. पण माझे कोण ऐकते? उद्या पुन्हा रविवार आहे.